दिकोचा रांजण

आमच्या आक्कांकडून रांजण कधी मिळेल, असं बाजारात कुणी विचारलं की मी म्हणते, "घरात मुलगी लग्नाची आहे का? मग आत्ताच सांगून ठेव, नातीच्या लग्नाला मिळेल." लोक हसतात. मी नाही हसत. मी तेने, त्यांची धाकटी जाऊ. एका अंगणात जन्म गेलाय माझा त्यांच्याबरोबर. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

सानाबा त्यांचं नाव. आम्ही बालो, म्हणजे लोहाराचं घराणं. आमच्यात पुरुष लोखंड ठोकतात आणि बायका माती. फालाबुगूतल्या घराघरांतले पाण्याचे रांजण आणि कालवणाची भांडी आमच्याच अंगणातून गेलेली, आणि त्यातली बहुतेक माझ्या हातची. सांगायला लाज कशाची? मी सकाळी बसले की दुपारच्या जेवणापर्यंत भांड्यांची रांग उभी करते. आक्का तोवर मातीतले खडे वेचत असतात. खडे वेचून झाले की जुन्या खापरांचा भुगा घालून माती मळतात. मळून झाली की तिच्यावर ओलं पोतं टाकतात आणि म्हणतात, "झोपू दे तिला." मग माती झोपते, आक्का झोपतात, आणि मी एकटी मरमर मरते.

एकदा रांजणाचं पोट कसं फुगवायचं ते ठरेना, तर बाई उठल्या आणि कुंपणावरच्या भोपळ्यासमोर जाऊन बसल्या. ऊन डोक्यावर आलं तरी बसलेल्याच. मी ओरडले, "आक्का, भोपळा काही बोलतोय का तुमच्याशी?" तर म्हणाल्या, "बोलत नाही गं, पण खाली किती सावकाश वळलाय बघ." आता भोपळा सावकाश नाही वळणार तर काय धावत सुटणार? पण सांगणार कोण! आमचे थोरले भावजी, त्यांची निजण्याची जागा गार राहो, नेहमी म्हणायचे, "मी मागणी घालायला गेलो तेव्हा हिचे हात मातीत होते. ते धुऊन होईपर्यंत माझी दाढी पिकली."

पाणी मात्र त्यांच्याच रांजणातलं गार. अगदी उन्हाच्या झळा लागतात त्या दिवसांतसुद्धा. हे मी बाजारात बोलत नाही.

आता दिकोचं सांगते. दिको सांगारे ही फुलानी बाई, म्हणजे गुराख्यांच्या जमातीतली; गावाच्या उत्तरेला त्यांची गुरं आणि वस्ती. रोज सकाळी डोक्यावर दुधाचा तुंबा घेऊन यायची. लोहार आणि फुलानी यांच्यात पणजोबांच्या पणजोबांपासून थट्टेचं नातं आहे. आम्ही त्यांना वाटेल ते बोलायचं, त्यांनी आम्हाला वाटेल ते बोलायचं, राग कुणी धरायचा नाही. एकमेकांनी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि गोड बोलायचं तर मुळीच नाही. फुलानी माणूस लोहाराशी सभ्यपणे बोलायला लागला की समजावं, काहीतरी मोठं बिघडलंय.

दिको फाटकातूनच सुरू व्हायची. "ए कोळशे! उठलीस का मातीबरोबर घोरतेयस अजून?"

"आली का गाईची शेपटी!" आक्का मान वर न करता म्हणायच्या. "आज दुधात कुणाची विहीर ओतलीस? आमची का तुमची?"

"तुमचीच. लोहाराला लोहाराचंच पाणी पाजावं, पचतं तरी."

"तुझ्या दुधाला मांजर तोंड लावत नाही गं."

"आणि तुझ्या रांजणाला कोण लावतंय? कुणी बघितलाय तरी का? नुसतं ऐकूनच आहोत आम्ही."

मग ती सावलीत फतकल मारून बसायची आणि तिचं ठरलेलं गाऱ्हाणं सुरू. "माझा रांजण कुठाय? नवरी होऊन या गावात आले तेव्हापासून मागतेय. माझे दात पडले, आता रांजणातलं पाणी काय हिरड्यांनी पिऊ?" नाही म्हणायची तर सोय नाही, म्हणून आक्का म्हणायच्या, "देईन की. माती झोपलीय." दोघी खिदळायच्या. ती दूध मापायची, आक्का मापाला नावं ठेवायच्या, आणि मी हात चालवत पुटपुटायचे की या दोघींच्या पोटाला माझ्याच भांड्यांचा आधार आहे. माझं कोण ऐकतंय.

कापणी उरकून थंड वारं सुटलं होतं तेव्हाची गोष्ट. दिको फाटकातून आली, तुंबा खाली ठेवला आणि म्हणाली, "बरी आहेस ना सानाबा? घरचे सगळे बरे आहेत?"

आक्कांच्या हातातली मातीची वळी खाली पडली. "तेने," त्या मला म्हणाल्या, "हिला ताप भरलाय. पाणी आण लवकर."

ताप नव्हता. तिचा मुलगा येरो बामाकोहून आला होता, आईला कायमची न्यायला. पोरगा लहानपणीच मामाबरोबर शहरात गेलेला, आता त्याचे स्वतःचे ट्रक आहेत, पक्कं घर आहे. वाईट नाही हो तो. दिकोचा नवरा गेला, गुरं पुतण्यानं सांभाळायला घेतली, मग म्हातारी आई एकटी कशाला राहील, असं त्याला वाटलं. कुणालाही वाटेल.

"नळ आहे म्हणे," दिको म्हणाली. "फ्रीज आहे. पाणी दातांना लागतं इतकं गार."

"तुला दात कुठायत?" आक्का म्हणाल्या. पण ते म्हणण्यात काही राम नव्हता.

"पोरगा मायेनं नेतोय. त्याला नाही कसं म्हणू? माझी जीभच उचलत नाही." दिकोनं तोंडावर पदर ओढला. "पण सानाबा, तिथं मला शिव्या कोण देणार?"

ती गेल्यावर आक्कांनी खाली पडलेली वळी उचलली. मग म्हणाल्या, "ही गेली तर माझं तोंड गंजेल गं तेने." मी आयुष्यात पहिल्यांदा भांड्यांची रांग अर्धी सोडून उठले.

येरो निरोप घ्यायला आला तो मोठ्या ऐटीत. कडुलिंबाखाली आमचे म्हातारे न्गोलोकाका बसले होते, आणखीही माणसं होती. शहरात राहून पोरगा थट्टेचं नातं विसरला नाही हे दाखवायचं होतं त्याला. अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि गरजला, "ए कोळशाच्या म्हातारे! माझ्या आईचा रांजण कुठाय? तिचं सगळं तारुण्य गेलं मागण्यात. लोहारांनी आम्हाला बुडवलं म्हणून बामाकोभर दवंडी पिटीन!"

लोक हसले. आक्का नाही हसल्या. त्यांनी अगदी सावकाश मान वर केली. "माझ्याच हातचा पाहिजे का? तेनेचा चालेल?"

"तुझ्याच हातचा! तेनेचा कशाला?"

मला राग आला, पण तो असू दे.

"आणि नाही दिला तर?" आक्कांनी विचारलं.

येरोला आता चांगलाच चेव चढला होता. "नाही दिलास तर? ऐका सगळ्यांनी! माझी आई तुझ्या हातचा, तिच्या मनासारखा रांजण घेतल्याशिवाय या गावातून पाऊल उचलणार नाही. घे, नात्याची शपथ!"

कडुलिंबाखालची माणसं सावरून बसली. ही शपथ मोडली तर त्यांची गुरं आटतात आणि आमची भट्टी विझते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. न्गोलोकाकांनी काठी जमिनीवर आपटली. "ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकाच की," येरो हसत म्हणाला. "परवा निघतोय आम्ही. तोवर होईलच."

त्याची चूक नाही. लहानपणी तो आमच्या अंगणात खेळायचा तेव्हा त्यानं माझं काम बघितलेलं. भांडं म्हणजे सकाळी बसलं की दुपारी उठलं, एवढंच त्याच्या डोक्यात. आक्का काम करतात हे त्याच्या कधी लक्षातच आलं नसणार.

दुसऱ्या दिवशी तो आला. "काय कोळशे, झाला का?"

"माती आणायचीय अजून."

"ही काय, दारातच ढीग पडलाय."

"ती तेनेची. दिकोच्या रांजणाला नदीकाठच्या खाणीतली लागेल."

आमच्या खाणीचा एक नियम आहे. मनात राग घेऊन खाणीत उतरायचं नाही, नाहीतर भांडं तडकतं. आता माझ्यासारखीनं हा नियम फारच मनावर घेतला असता तर आमचं घर उपाशी मेलं असतं. पण आक्का टोपली घेऊन खाणीच्या तोंडाशी जायच्या, उभ्या राहायच्या, मनात डोकवायच्या आणि रिकाम्या टोपलीनं परत यायच्या. "आज मला तेनेचा राग आलाय."

"मी काय केलं?" मी कडाडले.

"कालच्या भेंडीत मीठ जास्त होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांना कोंबडीचा राग आला. मग वाऱ्याचा. मग नवऱ्याचा, जो केव्हाच मातीआड झालेला. येरो डोकं धरून बसला. शेवटी ट्रकांकडे बघायला माणूस नाही म्हणून बामाकोला परत गेला, आणि तिथून मला फोनवर फोन.

"तेनेकाकू, झाला का गं?"

तो मला काकू म्हणाला! फुलानी पोरगा, लोहाराच्या बाईला! इतका वैतागला होता बिचारा. मी म्हटलं, "माती आली. झोपलीय."

"उठवा की तिला!"

पुढच्या खेपेला तो कोलाची फळं घेऊन आला, मोठ्यांकडे काही मागायचं तर आमच्यात देतात ती, पानात नीट बांधून. आक्कांपुढे ठेवली आणि म्हणाला, "म्हातारे, शपथेतून सोडव मला. चेष्टेत बोललो मी." आक्कांनी एक फळ फोडलं, अर्धं दिकोला दिलं, अर्धं स्वतः चघळलं. सगळा वेळ डोळे मिटून चघळलं. "कोला छान होता," म्हणाल्या आणि मातीवरचं पोतं सारखं केलं.

मग तो माझ्याकडे आला, कुंपणाच्या आडोशाला. हळूच म्हणाला, "तूच करून दे ना एक. तुझ्या हातासारखा हात नाही या गावात. कोण ओळखणार?"

आता हे ऐका. इतकी वर्षं मी या गावाला पाणी पाजतेय, पण तुझ्या हातासारखा हात नाही असं मला माझ्या नवऱ्यानंसुद्धा म्हटलेलं नाही. मला मोह झाला. का नाही होणार? एका सकाळचं काम. पण कुंपणातून पलीकडे नजर गेली. माती पोत्याखाली गाढ झोपलेली. शेजारी दोघी बसलेल्या, मधे भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. दिको म्हणत होती, "तुझं नाक बघ, भात्याच्या तोंडासारखं." आक्का म्हणत होत्या, "आणि तुझे कान? वासरानं चघळून टाकलेले." आणि दोघी एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी या बाईला आळशी म्हणत आले. आळशी माणूस वेळ घालवायला एवढे कष्ट घेत नाही.

"माझा हात मोडलाय," मी येरोला सांगितलं.

"आत्ता तर त्या हातानं कोंबडी हाकललीस!"

"त्यातच मोडला."

पण एक घोटाळा झाला, आणि तो आक्कांनीच केला. एकदा वळीवर वळी चढायला लागली की त्यांचं भान हरपतं. रांजण वर येऊ लागला आणि बाई टाळाटाळ करायचं विसरल्या. त्याच्याभोवती उलट्या पावलांनी, वाकून वाकून फिरायच्या, आतून एका हातानं आधार, बाहेरून खापरीनं थापटणं. गोरखचिंचेच्या बियांनी घोटघोट घोटला. गळ्याशी दोरा फिरवून नक्षी काढली. मी डोळ्यांनी खुणावत होते, अहो, थोडा वाकडा करा! दिकोची पाठ वळल्यावर कानात सांगितलंसुद्धा.

"वाकडा कसा करू?" त्या रडवेल्या झाल्या. "प्रयत्न केला गं. हात ऐकत नाही."

वाळू घातला तर सावलीत इतका हळू, इतका एकसारखा वाळला की चीर पडेल तर शपथ. पावसाचे ढग दिसायला लागले. पाऊस लागला की भांडी भाजायचा आमचा उघड्यावरचा आवा बंद, तेव्हा भाजणं भाग होतं. येरो यायचा होता, ट्रक घेऊन. मी आवा रचला. लाकडं, त्यावर भांडी, वरून गवत. सांगू का, दिकोच्या रांजणाखाली मी मुद्दाम वाळक्या गवताच्या दोन पेंढ्या जास्त सारल्या. भसकन आच लागली की कच्चं भांडं फुटतं, असं कधी कधी होतं. नाही झालं. माझी चार भांडी फुटली. रांजण लालबुंद निघाला, झाडाच्या सालींच्या पाण्यात बुडवल्यावर चर्रर्र आवाज झाला आणि तो काळाभोर, तुकतुकीत होऊन बाहेर आला. मी बोटानं वाजवून बघितला. खणखणीत वाजला, कुठे बारीकशी चीरसुद्धा नाही. आक्का एका बाजूला उभ्या होत्या. आयुष्यातला सगळ्यात देखणा रांजण त्यांच्यासमोर होता, आणि चेहरा असा, जसं काही घरातून कुणाला पोचवून आल्यात.

भाजलेल्याची पुन्हा माती होत नाही. पूर्ण झालेलं धडधाकट भांडं मुद्दाम फोडणं आमच्यात पाप. म्हणजे संपलं सगळं.

येरो आला. ट्रक कडुलिंबाखाली उभा केला, दिकोचं बोचकं वर चढवलं. न्गोलोकाका येऊन बसले. सगळं गाव जमलं. येरोनं रांजण बघितला आणि डोक्यावरची टोपी काढली. "आई," तो म्हणाला, "बघ गं!"

दिको पुढे आली. रांजणाभोवती फिरली, आक्का फिरायच्या तशीच. पोटावरून हात फिरवला. गळ्यावरची नक्षी बोटानं चाचपली. तिचे डोळे भरून आले हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आक्कांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ही म्हणणार, छान झालाय.

दिकोनं नाक वर ओढलं. "हे काय हे?"

"काय?" येरो म्हणाला.

"तोंड बघा याचं! उंदराच्या बिळाएवढं! यात माझा दुधाचा पळा जाणार का?"

"आई, पाण्याचा रांजण आहे हा. दुधाचा पळा कशाला घालशील?"

"मला घालायचाय! माझा रांजण, माझा पळा! आणि हे पोट बघ. लोहारणीचं पोटही असंच सुटलंय. नाही, नाही. मला नाही आवडला."

"आई!"

"मनासारखा म्हणालास ना तू? माझ्या मनासारखा नाही हा."

न्गोलोकाकांनी काठी आपटली. "मनासारखा म्हणाला होता. मी ऐकलंय."

आक्कांनी मान वर केली आणि अशा कडाडल्या बाई, की मी आयुष्यात त्यांना एवढं भरभर बोलताना ऐकलं नव्हतं. "भिकारडे! मेल्या गाईच्या शेपटे! उंदराचं बीळ म्हणतेस? तुझ्या तोंडाच्या मापानं करायचा तर गावातली सगळी माती लागेल!"

"मग आण की माती!" दिको ओरडली. "की आज तिच्यावरही रुसलीस?"

येरोनं आईकडे बघितलं. आक्कांकडे बघितलं. पोरगा मुळात हुशार आहे. ट्रकच्या पायरीवर खाली बसला, टोपी तोंडावर धरली, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. हसता हसता खरंच रडला.

"आई," तो म्हणाला, "मग मला सरळ सांगायचंस ना, नाही यायचं म्हणून."

"तुला कसं सांगणार?" दिको म्हणाली. "तू काय लोहार आहेस?"

त्यानं उठून आईचं बोचकं ट्रकमधून खाली उतरवलं, आणि त्या जागी रांजण चढवला, पोत्यांमध्ये गुंडाळून, तान्हं मूल निजवावं तसा. "हा मी नेतो," म्हणाला. "आईला नको असला तरी मला पाहिजे." ट्रक चालू करता करता मला हळूच विचारलं, "तेनेकाकू, खरं सांग. दुसरा कधी होईल?"

मी, जी सकाळी बसून दुपारपर्यंत रांग उभी करते, ती मी त्याला म्हटलं, "भांडं असं सांगून होत नाही बाबा. घाई कशाला करायची?" माझ्याच तोंडून हे ऐकून मला स्वतःच्याच दोन कानशिलात द्याव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून आवाज आला. "ए कोळशे! माझा रांजण झाला का?"

आक्का चटईवर पडल्या होत्या. डोळेसुद्धा न उघडता त्यांनी माझ्याकडे हात केला, म्हणजे तूच सांग.

"माती झोपलीय!" मी ओरडले, आणि उठून पोत्यावर थोडं पाणी शिंपडलं.